पेटी साठ मीटरवर, वाट तासाभराची: खोल पाण्यातल्या एका मोहिमेचं प्रकरण

टेबलावर बसून खेळायचा भूमिका-खेळ (रोलप्लेइंग गेम): चार खेळाडू आणि कथा चालवणारा एक गेम मास्टर. मोहीम आजच्या काळातली, शोधकथेच्या अंगाने जाणारी. ६० मीटर खोल तळावर एक मालवाहू जहाज सरळ बसलेलं आहे. कप्तानाच्या केबिनमध्ये एक सीलबंद पेटी आहे आणि त्याच पेटीसाठी दुसरी एक टोळी स्वतःची बोट घेऊन निघाली आहे. तीन पात्रं पाण्यात उतरणार, चौथं बोटीवर थांबणार. गेम मास्टरने जहाजाचा नकाशा काढला होता, खोल्यांना क्रमांक दिले होते, टोळीतल्या डायव्हरांचे गुण मांडून ठेवले होते. तयारीत कसूर नव्हती. तरी सत्राचा पहिला अर्धा भाग कंटाळवाणा झाला आणि दुसऱ्या भागात एक खेळाडू रागावून गप्प बसला. दोन्हींचं मूळ एकच होतं: पाण्यातून वर येण्याला किंमत असते, हे नियमांत कुठेच नव्हतं.

पहिल्यांदा खेळलं तेव्हा

नियम असे ठरले होते. प्रत्येकाकडे एक तासाची हवा. दर दहा मिनिटांनी सहनशक्तीचा फासा. तो चुकला तर दहा मिनिटांची हवा जास्तीची जाते. लढाई तयार नियमांप्रमाणे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध भूमिका-खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अशा नियमांचा सांगाडा आहे: ज्याला मुळात पोहण्याचा वेग नाही त्याने खंजीर, भाला, आखूड तलवार, त्रिशूळ अशी मोजकी हत्यारं सोडून दुसऱ्या कशाने वार केला तर दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा, १०० फुटांखाली पोहलेला एक तास थकव्याच्या हिशेबात दोन तासांचा, २०० फुटांखाली चार तासांचा. जलराक्षसांच्या आणि जादूच्या खेळाला हे पुरतं. वर येण्याचा हिशेब त्यात नाही, कारण त्या खेळाला तो नकोच आहे.

या मोहिमेत मात्र तोच हवा होता. केबिनच्या दारापाशी टोळीचे दोन डायव्हर भेटले, झटापट झाली आणि एका पात्राची हवा निम्म्यावर आली. त्याचा खेळाडू म्हणाला, "मी वर जातो, नवं सिलिंडर लावतो आणि परत येतो." नियमांप्रमाणे यात काहीच चूक नव्हती. पाच-सहा फेऱ्यांत तो पृष्ठभागावर, दहा मिनिटांत पुन्हा जहाजाच्या दारात. ते पाहून दुसऱ्यानेही तेच केलं. साठ मीटर पाणी ही जिना चढून बाहेर पडता येईल अशी खोली झाली, आणि हवा संपण्याची भीती गेल्यावर मोहिमेत उरलं काय, तर अंधारातली मारामारी.

गेम मास्टरला ते खटकलं. तिसऱ्यांदा कोणी वर निघालं तेव्हा त्याने बेंड्सचा, म्हणजे घाईने वर आल्याने होणाऱ्या आजाराचा, फासा टाकायला सांगितला. वीस बाजूंचा फासा, आला एक. पात्राचे पाय लुळे पडले. खेळाडूची तक्रार रास्त होती. हा धोका आहे हे आधी सांगितलं नव्हतं. तेच कृत्य दोनदा केलं तेव्हा काही झालं नव्हतं. आणि धोका कमी करण्यासाठी करता येण्यासारखं काही हातातही नव्हतं. वास्तव आणायच्या नादात टेबलावर आली ती मनमानी. खरा समुद्र याच्या नेमका उलट वागतो: त्यातले बहुतेक धोके आधीच आकड्यांत लिहून ठेवता येतात, आणि खोल जाणारे डायव्हर पाण्यात उतरण्यापूर्वी ते लिहूनच ठेवतात.

ते आकडे

समुद्रात दर १० मीटरला साधारण एक बार (बार हे दाबाचं एकक) दाब वाढतो. पृष्ठभागावर वातावरणाचा एक बार असतोच, म्हणून ६० मीटरवर एकूण ७ बार. शांतपणे पोहणाऱ्या डायव्हरला पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला सुमारे २० लिटर गॅस लागतो. तोच श्वास ६० मीटरवर १४० लिटरचा पडतो. पाठीवर १२ लिटरची जोड सिलिंडरं, २०० बारने भरलेली, म्हणजे ४,८०० लिटर. भागाकार केला तर ३४ मिनिटं, तीही शेवटच्या श्वासापर्यंत ओढून. दार उचकटायला लागलं, प्रवाहाविरुद्ध पोहावं लागलं किंवा घाबरगुंडी उडाली की वापर सहज दुप्पट होतो आणि ३४ ची १७ होतात. "एक तासाची हवा" हा आकडा इथेच बाद झाला.

त्यातलाही बराच गॅस खर्चायचा नसतो. तळाशी जोडीदाराचा गॅस अचानक गेला तर दोघांना एकाच्या सिलिंडरवर वर येता आलं पाहिजे. दोघंही धास्तावलेले, म्हणून माणशी ३० लिटर धरू. एक मिनिट तळावर सावरण्यात: २ × ३० × ७ = ४२० लिटर. मग मिनिटाला ९ मीटर या वेगाने २१ मीटरपर्यंत यायला साडेचार मिनिटं, सरासरी दाब ५ बार: साधारण १,३५० लिटर. बेरीज जवळपास १,८००. एवढा गॅस दुसऱ्याच्या मालकीचा समजायचा. काटा तिथे टेकला की काम कितीही उरलेलं असो, वर निघायचं.

२१ मीटरचा उल्लेख उगाच नाही. दाबाखाली नायट्रोजन आणि हेलियम शरीराच्या ऊतींमध्ये विरघळत राहतात. झटकन वर आलं तर ते बुडबुडे होऊन बाहेर पडतात: सांध्यांत कळा, त्वचेवर चट्टे, आणि बुडबुडे मज्जारज्जूपर्यंत पोहोचले तर बधिरपणा किंवा लुळेपणा. थांबे घेत वर यायचे तक्ते जे. एस. हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि डायव्हिंग कॉम्प्युटरांतली गणितं त्याच विचाराची पुढची पिढी आहे. थांब्यांचा वेळ कमी व्हावा म्हणून वर येताना जास्त ऑक्सिजनचे गॅस घेतात: २१ मीटरपासून ५० टक्के ऑक्सिजनचा, ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजन. ते त्याहून खोल घेता येत नाहीत. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, १.६ बारच्या वर गेला की झटके येण्याचा धोका झपाट्याने वाढतो. ५० टक्क्यांचं सिलिंडर २१ मीटरवर १.५५ देतं, तेच चुकून ६० मीटरवर तोंडात घातलं तर ३.५. झटका आला की रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं यंत्र, तोंडातून सुटतो, आणि माणूस मरतो तो बुडून. म्हणून प्रत्येक सिलिंडरवर मोठ्या आकड्यांत खोली लिहिलेली असते, आणि गॅस बदलताना जोडीदार नळी वाल्व्हपासून तोंडापर्यंत बोटाने तपासतो.

तळावर साधी हवा घेणंही शहाणपणाचं नाही. ऑक्सिजनचा दाब १.४७ होतो, तो कसाबसा चालून जाईल. पण नायट्रोजनची गुंगी जबरदस्त असते, आणि हवा इतकी दाट होते की फुप्फुसांना ती ढकलणं जड जातं. अलीकडे लिटरला ६.२ ग्रॅम ही कमाल घनता मानतात. ६० मीटरवर हवेची घनता ९ च्या आसपास जाते. अशा दाट गॅसवर कष्टाचं काम केलं की कार्बन डायऑक्साइड शरीरात साठतो, धाप लागते, धापेने भीती, भीतीने आणखी धाप. म्हणून १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम आणि उरलेला नायट्रोजन असा ट्रायमिक्स घेतात. त्याची घनता ६० मीटरवर ५.६ ग्रॅमच्या जवळ राहते आणि नायट्रोजनची गुंगी हवेवर २३ मीटरला असते तेवढीच.

दोन आकडे, सर्वांसमोर

हे सगळं टेबलावर मोजत बसलं तर सत्राचा हिशेबाचा तास होईल. खेळाला दोनच आकडे पुरतात: किती गॅस उरला, आणि वर यायला किती मिनिटं लागणार. पण ते दोन्ही पहिल्या क्षणापासून खेळाडूंच्या डोळ्यांसमोर हवेत.

गॅससाठी कार्डावर वीस चौकोन काढा. एक चौकोन म्हणजे जोड सिलिंडरांतले १० बार, अर्थात २४० लिटर. शेवटचे आठ लाल रंगवा. ते वर काढलेले १,८०० लिटर. तळावरची एक पाळी पाच मिनिटांची. शांत पाळीला तीन चौकोन, कष्टाच्या पाळीला सहा. खाली उतरायला एक. शांतपणे २१ मीटरपर्यंत चढायला दोन. दाराच्या आत एक पाळी गेलात तर बाहेर यायलाही एक पाळी लागणार, म्हणून परत फिरण्याची खूण लाल आठ अधिक तीन, म्हणजे अकरावर. ज्याचा गॅस सर्वांत कमी त्याच्या कार्डावर सगळा गट फिरतो. त्यावर चर्चा नसते, तशी टेबलावरही नसावी.

दुसरं कार्ड कर्जाचं. पृष्ठभाग सोडल्यापासून तळ सोडेपर्यंतच्या प्रत्येक पाच मिनिटांना दहा मिनिटं वर येण्याची. वीस मिनिटं खाली काढली तर चाळीस मिनिटं वाटेत. ५० टक्क्यांचं सिलिंडर गेलं तर कर्ज दीडपट. ६० मीटर, हा ट्रायमिक्स आणि हे दोन गॅस एवढ्यापुरतं हे प्रमाण वास्तवाच्या आसपास राहतं. हे आकडे टेबलासाठी गोळाबेरीज केलेले आहेत. यावरून कोणी पाण्यात उतरू नये.

बेंड्सचा फासा राहतो, पण त्याची किंमत आधी ठरते. न फेडलेल्या दर दहा मिनिटांना एक सहाचा फासा. एकही सहा आला नाही तर सुटका. एक सहा म्हणजे सांध्यांची दुखणी, दोन म्हणजे मज्जातंतूंची लक्षणं. तीस मिनिटं बुडवली तर तीन फासे, आणि किमान एक सहा येण्याची शक्यता ४२ टक्के. खऱ्या शरीरांत एवढी शिस्त नसते, त्याच डाइव्हनंतर एकाला त्रास होतो आणि दुसऱ्याला नाही. पण खेळाडूला निवड करता यावी एवढा प्रामाणिकपणा या फाशात आहे. निकाल मात्र लगेच सांगायचा नाही. लक्षणं बहुधा पृष्ठभागावर आल्यानंतरच्या काही तासांत उमटतात, पुष्कळदा पहिल्याच तासात. बोटीवरचा प्रसंग अर्धा झाल्यावर एखाद्याला खांदा जड वाटायला लागू दे.

तोच प्रसंग, नव्या कार्डांवर

पहिली पाळी. बोयाच्या दोराने खाली. उतरायला एक चौकोन, जहाजापाशी पोहोचून मार्गदोर बाहेर बांधायला आणि ५० टक्क्यांची तीन सिलिंडरं प्रवेशद्वाराशी त्याच दोराला अडकवायला आणखी एक. शुद्ध ऑक्सिजन खाली आणलेलाच नाही. तो बोटीखाली ६ मीटरवर आडव्या दांड्याला टांगला आहे. प्रत्येकाकडे अठरा चौकोन, कर्ज दहा मिनिटं.

दुसऱ्या पाळीत दोघं आत जातात. तिसरा बाहेर सिलिंडरांपाशी थांबतो. आतली वाट अरुंद, छतावर गंज. सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे लागले की त्याचे पापुद्रे पडतात. दोर दाराच्या आत पुन्हा बांधून घेतात, म्हणजे बाहेरची गाठ सुटली तरी आतली धरून राहील. पाय गुडघ्यात वर दुमडून बेडकासारखे मारायचे, नाहीतर तळाचा गाळ उठतो आणि दिव्याचा प्रकाश दुधासारखा परत फिरतो. तीन चौकोन गेले, उरले पंधरा. कर्ज वीस.

केबिनचं दार गंजून जाम आहे. पहारीने उचकटायला एक कष्टाची पाळी लागेल, आणि इथे नवे नियम काम करू लागतात. एकट्याने केलं तर पंधरातून सहा जाऊन नऊ उरतील. फिरण्याची खूण अकरा. दोघांनी आळीपाळीने केलं तर प्रत्येकाचे साधारण पाच जाऊन दहा. तरी खुणेच्या खालीच. तिघांनी वाटून घेतलं तर प्रत्येकाचे चार, आणि उरतात नेमके अकरा. पण तिसऱ्याला आत बोलवायचं म्हणजे बाहेरची सिलिंडरं वाऱ्यावर सोडायची, आणि टोळीची बोट येऊन पोहोचल्याचं खेळाडूंना ठाऊक आहे.

गेम मास्टरने इथे एक शब्दही बोलू नये. फासाही टाकायला सांगू नये. पहिल्या सत्रात ज्या जागी मारामारी झाली होती, तिथे आता तीन माणसं तीन कार्डांकडे बघत बसली आहेत. दार सोडून देऊन उद्या मोठी सिलिंडरं घेऊन येणं हाही खरा पर्याय आहे, आणि खऱ्या पाण्यात जुनेजाणते तोच निवडतील. एकट्याने दार तोडून दोन चौकोन उधार घेणंही शक्य आहे. त्याची किंमत एवढीच, की बाहेर पडताना कोणाचा गॅस गेला तर वाटून घ्यायला पुरेसा उरणार नाही.

समजा तिसऱ्याला बोलावलं. एका अरुंद वाटेत तीन माणसं आल्यावर गाळ उठतोच, दृश्यता शून्य. दार उघडतं, पेटी हाताला लागते. अकरा चौकोन, कर्ज तीस. चौथी पाळी बाहेर येण्याची: एका हाताची बोटं दोराभोवती, दुसरा हात पुढच्याच्या दंडावर. दोर सुटला तर जागचं हलायचं नाही. हाताजवळच्या पक्क्या वस्तूला सुटी रीळ बांधायची आणि तिथून चाचपडत शोधायचं. कोणाचा दोर सुटला नाही, तरी पाळी संपताना लाल रेषेवर, आठवर. खाली काढलेला वेळ वीस मिनिटं, कर्ज चाळीस.

बाहेर तीनपैकी दोन सिलिंडरांचे वाल्व्ह कोणीतरी उघडून ठेवले आहेत. दोन्ही रिकामी. शत्रूला झटापटीची गरजच नव्हती. साठ मीटरवर चाकू घेऊन अंगावर धावणारा डायव्हर स्वतःचाच गॅस दुप्पट वेगाने जाळतो. वाल्व्ह फिरवणं, दोर कापणं, बोयाचा दोर सोडून देणं यांना एकेक मिनिट पुरतं. अशी टोळी हत्यारं घेतलेल्या टोळीपेक्षा कितीतरी धोकादायक असते, आणि तिच्यासाठी लढाईचे गुण मांडावेच लागत नाहीत.

पेटी पाण्यात २५ किलोची. एक लिटर गॅस साधारण एक किलो उचलतो, तेव्हा उचलपिशवीत २५ लिटर गॅस भरावा लागेल. ७ बारवर ते १७५ लिटर, म्हणजे एक चौकोन. एकाच्या कार्डावर सात उरले. इथे हमखास कोणीतरी म्हणतं, "मी पिशवीला धरूनच वर जातो." वर जाताना गॅस प्रसरण पावत राहतो, पृष्ठभागापर्यंत सातपट, पिशवीचा वेग वाढतच जातो आणि तिला लटकलेला माणूस एकही थांबा न घेता वर पोहोचतो. चाळीस मिनिटांचं कर्ज, चार फासे. हे शांतपणे सांगा आणि त्याला ठरवू द्या.

उरलेलं एक भरलेलं सिलिंडर सात चौकोनवाल्याला मिळतं. त्याचं कर्ज चाळीसच. बाकी दोघं पाठीवरच्या गॅसवर थांबे घेणार, कर्ज साठ मिनिटं. २१ मीटरपर्यंत दोन चौकोन गेले, उरले सहा. २१ ते ९ मीटरमध्ये वीस मिनिटं, सरासरी अडीच बार: १,००० लिटर, चार चौकोनांहून थोडा जास्त. शिल्लक एक-दोन. लाल रंगवलेले आठ चौकोन ज्या दिवसासाठी होते तो हाच, आणि ते जेमतेम पुरले. मग ६ मीटरवर चाळीस मिनिटं शुद्ध ऑक्सिजन: १.६ × २० × ४०, म्हणजे १,२८० लिटर. सात लिटरच्या सिलिंडरात २०० बारने १,४०० मावतात. पुरेल, पण बोटीवरच्याने राखीव सिलिंडर दोराने खाली सोडलं तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल.

बोटीवरचा चौथा

पहिल्या सत्रात या खेळाडूने दोन तास फोन चाळला. नव्या मांडणीत सगळ्यात मोठा प्रसंग त्याचा आहे. खाली तिघं लटकलेले, पेटी पिशवीसकट बोटीपासून पन्नास-साठ मीटरवर तरंगतेय, टोळीची बोट तिच्याकडे वळलेली, आणि साथीदार तासभर वर येऊ शकत नाहीत. ते कुठे आहेत हे बुडबुड्यांवरून टोळीलाही दिसतंय. बोलून वेळ काढायचा, पेटी आधी उचलायची की थांब्यावरच्यांच्या डोक्यावर बोट उभी ठेवायची, हे त्याने ठरवायचं. टोळीने बोयाचा दोर कापला तर खालचे तिघं तरंगखूण वर सोडून प्रवाहाबरोबर वाहत थांबे पुरे करतील. त्या केशरी नळकांड्याचा पाठलाग करणंही त्याचंच काम.

खाली असलेल्यांना बोटीच्या पंख्याचा आवाज ऐकू येईल. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चारपटीहून जास्त, त्यामुळे दोन्ही कानांत जवळपास एकाच वेळी पोहोचतो आणि दिशा कळत नाही. "एक बोट जवळ येतेय. कुठून, ते कळत नाही." एवढं वाक्य पुरेसं आहे. ज्याला राहवणार नाही तो थांबे सोडून वर येईल, आणि आता त्याला फाशांची संख्या माहीत असेल. ती उडी धाडसाची ठरते, कारण ती डोळे उघडे ठेवून मारलेली असते. बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, दाबकक्ष किती तासांवर आहे, हे चौथ्याने निघण्यापूर्वी विचारून ठेवलेलं असावं. दाबकक्षातला नेहमीचा उपचार १८ मीटरच्या दाबाला ऑक्सिजन देऊन सुरू होतो आणि पावणेपाच तास चालतो. तेवढा वेळ ते पात्र कथेबाहेर.

उरलेल्या काही गोष्टी

गुंगीसाठी भासांचे तक्ते बनवू नका. खोल पाण्यातली गुंगी माणसाला एकाच गोष्टीत अडकवते. दार उघडायचं एवढंच डोक्यात राहतं आणि काटा बघायचा राहून जातो. एखादा गट पैसे किंवा वेळ वाचवायला साध्या हवेवर उतरला तर त्याची गॅसची कार्डं पालथी ठेवा. कार्ड बघायचं असेल तर खेळाडूने स्वतः आठवण ठेवून तसं म्हणायचं, आणि ते पाळीतलं एक काम धरायचं. गेम मास्टरने आठवण करायची नाही. फाशाशिवाय गुंगी अंगावर येते. थोडं वर आलं की ती काही क्षणांत उतरते, तेव्हा कार्डं पुन्हा सुलटी करा.

बोलणं बंद ठेवावं. पाण्यात असलेल्या खेळाडूंनी एकमेकांशी खुणांनी किंवा पाटीवर चार शब्द लिहूनच संवाद साधायचा. अंगठा वर म्हणजे डाइव्ह संपली, वर चला. ती खूण कोणीही करावी आणि ती झाल्यावर वाद नाही. दिव्याचं सावकाश वर्तुळ म्हणजे ठीक, वेगाने आडवा हलवला म्हणजे संकट. हा एक नियम टेबलावरचं वातावरण बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बदलतो.

बिघाड एका डाइव्हला एकच ठेवा, आणि तो सोडवता येणारा असावा. रेग्युलेटर उघडा अडकून गॅस धो-धो वाहू लागला तर डोक्यामागे तीन वाल्व्ह असतात: डावा, उजवा आणि मधला, दोन्ही सिलिंडरं वेगळी करणारा. मधला वेळेवर बंद केला तर निम्मा गॅस वाचतो. चुकीचा बंद केला तर तोंडातलाच श्वास थांबतो. कुठला फिरवतोस, हे खेळाडूला विचारा. अचूक उत्तर दिलं तर फासा टाकायला लावू नका.

चौकोन संपले म्हणून पात्र त्याच क्षणी मेलं असं जाहीर करू नये. २०१२ मध्ये उत्तर समुद्रात जहाजाला जागेवर धरून ठेवणारी यंत्रणा बिघडली, एका व्यावसायिक डायव्हरला गॅस आणि गरम पाणी पुरवणारी नळी तुटली आणि पाठीवर उरला काही मिनिटांचा राखीव गॅस. अर्ध्या तासाहून जास्त वेळाने साथीदारांनी त्याला डायव्हिंग बेलमध्ये, म्हणजे जहाजावरून खाली सोडलेल्या डायव्हरांच्या कोठडीत, ओढून घेतलं, आणि तो वाचला. साथीदारांना एक पाळी मिळू द्या.

खोलीचा आकडा नुसता थरारासाठी वाढवला की हे सारं गणित बदलतं. ३०० मीटर लिहिलं तर ही माणसं बोटीवरून उडी मारून जात नाहीत. जहाजावरच्या दाबाच्या कोठडीत दिवसचे दिवस राहतात, बेलमधून कामावर जातात, आणि शेवटी दर ३० मीटरला साधारण एक दिवस अधिक एक दिवस या हिशेबाने सुटतात. ३०० मीटरवरून बाहेर यायला अकरा दिवस. कोमेक्स या फ्रेंच डायव्हिंग कंपनीच्या हायड्रा ८ मोहिमेत १९८८ साली डायव्हरांनी ५३४ मीटरवर समुद्रात काम केलं. त्यापलीकडे यंत्रांचं राज्य सुरू होतं. जाक पिकार आणि डॉन वॉल्श २३ जानेवारी १९६० रोजी जवळपास ११ किलोमीटर खोल गेले ते पोलादी गोळ्यात बसून, साध्या दाबाखाली, आणि म्हणून त्यांना एकही थांबा घ्यावा लागला नाही. पात्रांनी स्वतः हात घालून पेटी काढावी असं वाटत असेल तर ५० ते ७० मीटर ही उत्तम खोली आहे.

विमानाचाही विचार आधी करून ठेवा. अशा डाइव्हनंतर किमान एक दिवस उड्डाण टाळतात, कारण उंचीवर दाब आणखी घटतो. टोळी हेलिकॉप्टरने निघाली तर पाण्यात उतरलेले तिघं तिच्यामागे जाऊ शकत नाहीत. चौथा जाऊ शकतो.

पुढच्या सत्राला कोणीतरी रीब्रीदर मागेलच. तो द्यावा. त्यात सोडलेला श्वास रसायनातून गाळून पुन्हा घेतला जातो, त्यामुळे शरीर जाळतं तेवढाच ऑक्सिजन लागतो, मिनिटाला एक लिटरच्या आसपास, खोली कितीही असो. बुडबुडे जवळपास निघत नाहीत, म्हणजे टोळीला वरून माग लागत नाही. वीस चौकोनांचं कार्ड मग बाजूला ठेवता येतं, पण यंत्र बिघडलं तर उघड्या सिलिंडरवर जहाजातून बाहेर आणि तिथून वर यायचा गॅस अंगावर हवाच. रीब्रीदर घेणाऱ्याच्या कार्डावर तेवढेच चौकोन काढा, सगळे लाल.